पिक्सेल आर्टमधला चेहरा: आधी शेडिंग, मग लागलंच तर डिथरिंग

पिक्सेल आर्ट शिकायला लागलं की झाड जमतं, तलवार जमते, छोटंसं घर जमतं, आणि मग माणसाचा चेहरा करायला घेतला की सगळं बिनसतं. डोळे, नाक, तोंड सगळं जागेवर असतं पण चेहरा सपाट दिसतो, मग कुठेतरी बघितलेलं ते ठिपक्याठिपक्यांचं डिथरिंग (दोन रंगांचे पिक्सेल आलटून पालटून पेरून मधल्या रंगाचा भास करणं) त्यावर सरसकट फासलं जातं, आणि आता चेहरा सपाट तर आहेच वर त्याला पुरळ उठलंय. ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. डिथरिंगने चेहऱ्याला गोलाई येत नाही, ती शेडिंगने येते. उजेड कुठून पडतोय आणि चेहऱ्याचा कुठला भाग कुठे वळतोय हे एकदा नीट मांडलं की मग दोन शेडच्या मधली फट बुजवायला डिथरिंग कामाला येतं, आणि तेही चेहऱ्याच्या ठराविकच जागी.

मुळात हा प्रकार आला तो रंग कमी होते म्हणून. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या स्क्रीनवर फक्त काळा आणि पांढरा, ५१२ बाय ३४२ पिक्सेल, त्यात राखाडी दाखवायचा तर ठिपके पेरण्याशिवाय उपाय नव्हता. १९८९ च्या गेम बॉयमध्ये चार शेड. जपानच्या पीसी-९८ संगणकांवर ४०९६ पैकी एका वेळी १६ रंग, आणि तेवढ्यात तिथल्या लोकांनी काय एकेक चेहरे केलेत, शोधून बघाच. शिवाय जुन्या टीव्हीवर शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत थोडे मिसळायचे, त्यामुळे ठिपके ठिपके वाटायचे नाहीत, मधलाच एक रंग वाटायचा. आपल्या आजच्या स्क्रीनवर प्रत्येक पिक्सेल कडक आणि वेगळा दिसतो. म्हणजे आज डिथरिंग केलं की ते पोत म्हणून दिसणारच, लपणार नाही, हे धरूनच चालायचं.

काय काय लागेल

- एक पिक्सेल एडिटर. एसप्राइट विकतचं आहे आणि या कामाला सगळ्यात सोयीचं. फुकटात हवं असेल तर लिब्रेस्प्राइट (एसप्राइटच्याच जुन्या मुक्त कोडवरून निघालेलं), पिक्सेलोरामा, किंवा ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल. गिंप आणि क्रिटामध्येही होतं पण सेटिंग बघून घ्यावी लागतात.
- माउस चालतो. टॅबलेट असेल तर उत्तम, पण पेन प्रेशर बंद ठेवा.
- एक रेफरन्स फोटो, एकाच बाजूने उजेड असलेला. फ्लॅश मारून काढलेला फोटो घेऊ नका, त्यात सावल्याच नसतात.
- सहा ते आठ रंगांची पॅलेट. कशी बनवायची ते खाली आहे.
- धीर. हे उगाच लिहिलेलं नाही.

१. कॅनव्हास: ६४ बाय ६४ पासून सुरू करा

३२ बाय ३२ छोटं म्हणून सोपं वाटतं, पण तिथे डोळ्याला जेमतेम तीन पिक्सेल मिळतात आणि एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला की माणूसच बदलतो. त्यात डिथरिंगला जागाच नसते. १२८ च्या पुढे गेलात तर काम इतकं वाढतं की पहिलं पोर्ट्रेट अर्धवट राहण्याची शक्यता जास्त. ६४ बाय ६४ मध्ये ४०९६ पिक्सेल होतात, डोकं, मान आणि खांद्याचा थोडा भाग बसतो, आणि गाल-कपाळाला शेड वळवायला पुरेशी जागा मिळते.

कलर मोड इंडेक्स्ड ठेवा, म्हणजे चित्रात फक्त पॅलेटमधलेच रंग राहतात. त्यात पॅलेटमधला एखादा रंग बदलला की चित्रभर तो आपोआप बदलतो, आणि नकळत बावीस प्रकारचे तपकिरी जमा होत नाहीत. पेन्सिल एक पिक्सेलची, अँटी-एलियासिंग (कडेला मधल्या रंगाचे पिक्सेल घालून ती मऊ करणं) बंद. गिंपमध्ये ब्रश न घेता पेन्सिल टूल घ्या, ब्रशच्या कडा मऊ येतात आणि मग ते पिक्सेल आर्ट राहत नाही. एसप्राइटमध्ये एफ-७ दाबलं की प्रीव्ह्यूची छोटी खिडकी उघडते, ती सतत उघडी ठेवा आणि त्यात चित्र मूळ आकारात दिसू द्या. आपण काम ८०० टक्के झूमवर करतो आणि बघणारा तसं बघत नाही, निम्मे घोटाळे इथेच होतात.

२. उजेडाची दिशा ठरवा आणि लिहून ठेवा

खरंच लिहून ठेवा, किंवा वेगळ्या लेयरवर कोपऱ्यात एक बाण काढा. पुढचं सगळं उदाहरण मी वरून-डावीकडून येणाऱ्या उजेडाचं धरलंय, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून.

३. पॅलेट

नवशिके त्वचेचा एक रंग घेतात, त्यात काळा मिसळून गडद करतात, पांढरा मिसळून फिकट करतात. याने चेहरा राखेत लोळल्यासारखा दिसतो. गडदाकडे जाताना फक्त व्हॅल्यू (उजळपणा) कमी करायची नाही, ह्यूही (म्हणजे मूळ रंग, लाल की पिवळा) सरकवायचा. सावलीकडे लाल-जांभळ्याच्या दिशेने, उजेडाकडे पिवळ्याच्या दिशेने. मध्यम सावळ्या त्वचेसाठी एक चालणारा क्रम देते, हे आकडे ह्यू, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा), व्हॅल्यू या क्रमाने आहेत:

- सगळ्यात उजळ: ३५, ४०, ९५
- उजळ: २७, ५०, ८२
- मधला: २०, ५८, ६५
- गडद: १०, ६०, ४५
- खोल सावली: ३४५, ५५, २८
- रेषा आणि केस: ३२०, ५०, १६

हे आकडे काही वेदवाक्य नाहीत. गोऱ्या किंवा आणखी काळ्या त्वचेसाठी सगळा क्रम वर-खाली सरकवा, पण ह्यूचं सरकणं तसंच ठेवा. जास्त काळ्या त्वचेत सॅच्युरेशन जरा चढं ठेवा आणि सगळ्यात उजळ रंग बिनधास्त उजळ ठेवा, कारण तिथे चकाकी ठळक दिसते आणि चेहऱ्याचा आकार बराचसा त्या चकाकीनेच कळतो.

यात एक सातवा रंग घाला: मधल्या शेडएवढाच उजळ पण जरा लालसर. नाकाचा शेंडा, गाल, कान आणि खालचा ओठ या जागी त्वचेखाली रक्त जास्त खेळतं, तिथे हा रंग लागला की चेहऱ्यात जीव येतो. आठवा रंग पार्श्वभूमीसाठी, थंड निळा-हिरवट वगैरे.

पॅलेट झाली की तिचे चौकोन शेजारी शेजारी ठेवून चित्र राखाडी करून बघा. दोन रंग राखाडीत एकसारखे दिसत असतील तर त्यातला एक फुकट गेला (तो लालसर सोडून, तो मुद्दाम तसा आहे). आणि दोघांमधली उडी फारच मोठी असेल तर पुढे तिथे डिथरिंग केलं की ठिपके डोळ्यात खुपतील. हा मुद्दा लक्षात ठेवा, सातव्या पायरीत लागणार आहे.

४. चेहरा मांडणं

समोरून बघणारा चेहरा धरू. वरून ओळी मोजा: डोक्याचा माथा ८ व्या ओळीत, हनुवटी ४८ व्या. डोळे बरोबर मध्ये म्हणजे २८ व्या ओळीत. जवळजवळ सगळेच नवशिके डोळे वर काढतात, कारण केस मोजायचे राहून जातात. डोक्याची रुंदी ३० पिक्सेल धरली तर डोळा ६ पिक्सेलचा, कारण समोरून चेहरा साधारण पाच डोळ्यांएवढा रुंद असतो, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावेल एवढी जागा. नाकाचा तळ ३८ व्या ओळीच्या आसपास, ओठांची मधली रेष ४१-४२ वर. कान भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत.

इथे फक्त मधला रंग आणि रेषेचा गडद रंग वापरा. चेहरा ओळखू येईपर्यंत पुढे जाऊ नका. चुकीच्या जागी बसलेला डोळा शेडिंगने सुधारत नाही, उलट जास्तच उठून दिसतो.

५. शेडिंग, आणि इथेच खरा वेळ द्या

चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत समजू नका, पैलू पाडल्यासारखा समजा. प्रत्येक पैलू एका दिशेला तोंड करून असतो, उजेडाकडे असेल तर उजळ, खाली किंवा पलीकडे असेल तर गडद. आधी तीनच शेडमध्ये पैलू भरा: उजळ, मधला, गडद.

कपाळाचा समोरचा भाग उजळ, उजवी कानशिलं मधल्यातून गडदाकडे. भुवयांखालचे खळगे गडद, कारण ते खाली तोंड करून असतात, दोन्ही डोळ्यांचे, उजेडाकडचाही. नाकाचा वरचा दांडा उजळ, उजवी बाजू मधली, नाकाचा तळ गडद आणि त्याची सावली वरच्या ओठाच्या दिशेने जरा उजवीकडे पडलेली. वरचा ओठ गडद, खालचा उजळ, आणि खालच्या ओठाच्या खाली दोन-तीन पिक्सेलची छोटी सावली. ही छोटी सावली लोक विसरतात, ती घातली की ओठ चिकटवल्यासारखे दिसत नाहीत. हनुवटीचा पुढचा भाग उजळ. जबड्याखाली मानेवर सगळ्यात मोठी आणि सगळ्यात गडद सावली, तिथे बिनधास्त खोल रंग वापरा, डोकं मानेपासून वेगळं होतं ते तिच्यामुळेच.

सावलीकडच्या गालावर, उजव्या डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण सोडून बघा. चित्रकार आणि फोटोग्राफर याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. पिक्सेलमध्ये तो पाच-सहा पिक्सेलचाच होतो पण गालाचं हाड ताबडतोब वर येतं.

डोळ्यांचं वेगळं सांगते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा करू नका, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते म्हणून वरची ओळ एक शेड गडद, खालची जरा उजळ, आणि पूर्ण उजळ फक्त एक पिक्सेल, बुबुळावरची चमक, उजेडाच्या बाजूला, म्हणजे आपल्या उदाहरणात वर-डावीकडे, दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी. बरेच जण डाव्या डोळ्यात डावीकडे आणि उजव्यात उजवीकडे ठेवतात, सिमेट्री टूल चालू राहिलं की तसंच होतं, आणि मग नजर फाकलेली दिसते.

तीन शेड जागेवर बसल्या की मग सगळ्यात उजळ रंग नाकाच्या शेंड्यावर, कपाळाच्या डाव्या भागावर आणि खालच्या ओठावर थोडा थोडा द्या. सावलीकडच्या जबड्याच्या कडेला परावर्तित उजेडाची एक बारीक रेघ चालते, पण ती उजेडाकडच्या मधल्या शेडपेक्षा उजळ झाली की संपलं, चेहरा दोन बाजूंनी पेटल्यासारखा दिसतो.

आता डोळे किलकिले करून प्रीव्ह्यू बघा. चेहरा गोल दिसतोय का? नसेल तर पुढच्या पायरीला जाऊ नका, पैलू परत तपासा.

६. साफसफाई: तीन खोड्या

पहिली, पिलो शेडिंग. म्हणजे कडेला सगळीकडून गडद आणि मध्यावर उजळ, उजेडाला दिशाच नाही. चेहरा फुगवलेला दिसतो. बाण काढून ठेवला असेल तर ही चूक होत नाही.

दुसरी, बँडिंग. एका शेडची कड आणि तिच्या शेजारच्या शेडची कड एकाच ठिकाणी पायरी घेतात, पट्ट्यांवर पट्टे असं दिसतं, आणि पिक्सेलचं जाळं डोळ्याला एकदम जाणवतं. उपाय सोपा आहे, पट्ट्यांची जाडी बदलती ठेवा आणि पायऱ्या एकाखाली एक येऊ देऊ नका. गालाच्या हाडाशी पट्टा बारीक, गाल खाली उतरतो तिथे रुंद, असं.

तिसरी, एकटे पिक्सेल. आजूबाजूला स्वतःच्या रंगाचं कोणीच नाही असा पिक्सेल चेहऱ्यावर तीळ म्हणून वाचला जातो. तो मुद्दाम ठेवलेला नसेल (डोळ्यातली चमक, खरोखरचा तीळ) तर शेजारच्या रंगात मिसळून टाका.

७. डिथरिंग

इतकं सगळं झाल्यावर आता कळतं की डिथरिंगची गरज खरंच कुठे आहे. बऱ्याचदा गरज नसतेच. पण समजा आहे.

कुठे करायचं याचा नियम मी असा लावते: सावल्या दोन जातीच्या असतात. एक, पृष्ठभाग हळूहळू वळल्यामुळे पडणारी, जशी गालावरची किंवा कपाळाच्या कडेची, हिची कड मऊ असते. दुसरी, एका गोष्टीने दुसरीवर टाकलेली, जशी नाकाची ओठावर किंवा जबड्याची मानेवर, हिची कड कडक असते. डिथरिंग फक्त पहिल्या जातीच्या कडेवर. मानेवरच्या सावलीची कड डिथर केली की जबडा विरघळतो.

डोळे, ओठ, नाकपुड्या इथे अजिबात नाही. तिथे वळण फार छोट्या जागेत होतं. ओठाचा कोपरा टोचत असेल तर तिथे मधल्या रंगाचा एक पिक्सेल ठेवा, ते अँटी-एलियासिंग झालं, त्या कामाला ते जास्त बरं. बाह्यरेषेलाही डिथरिंग चिकटू देऊ नका, एक-दोन पिक्सेल अंतर सोडा, नाहीतर कड कुरतडल्यासारखी दिसते.

आता पॅटर्न. ग म्हणजे गडद, फ म्हणजे फिकट. सगळ्यात साधा बुद्धिबळाच्या पटाचा, पन्नास टक्के:

ग फ ग फ
फ ग फ ग
ग फ ग फ
फ ग फ ग

पंचवीस टक्के गडद:

फ फ फ फ
ग फ ग फ
फ फ फ फ
फ ग फ ग

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतले ग एकाखाली एक नाहीत, एक घर सरकलेले आहेत. ते सरळ खाली ठेवले तर उभ्या रांगा दिसायला लागतात. पंचाहत्तर टक्क्यांसाठी हेच उलटं.

पुस्तकी पद्धत म्हणजे फिकट, मग पंचवीस, मग पन्नास, मग पंचाहत्तर, मग गडद. एवढ्या पायऱ्यांना जागा लागते, ९६ किंवा १२८ च्या कॅनव्हासवर ठीक आहे. ६४ वर गालाची वळण्याची जागाच आठ-दहा पिक्सेल असते, तिथे फक्त पन्नास टक्क्यांचा तीन-चार पिक्सेलचा पट्टा पुरतो. उजवा गाल जवळून असा दिसेल:

फ फ फ ग फ ग ग ग ग ग
फ फ ग फ ग फ ग ग ग ग
फ फ फ ग फ ग फ ग ग ग
फ फ फ फ ग फ ग ग ग ग
फ फ फ फ फ ग फ ग ग ग
फ फ फ फ ग फ ग फ ग ग

दोन गोष्टी बघा. पट्टा सरळ उभा नाही, तो खाली जाताना उजवीकडे सरकतोय, कारण गाल तसा वळतो. पण पट्टा सरकला तरी पट सरकलेला नाही: ओळीचा आणि रकान्याचा क्रमांक मिळवून बेरीज विषम आली की ग, सम आली की फ, हे पट्ट्यात वरपासून खालपर्यंत कायम आहे. हे फार महत्त्वाचं आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही. कपाळावर तुम्ही एका घरापासून पट सुरू केला, गालावर दुसऱ्या, आणि दोन्ही कानशिलाजवळ भेटले की तिथे एक शिवण दिसते, दोन ग शेजारी शेजारी आलेले, आणि ती कितीही घासली तरी जात नाही. म्हणून संपूर्ण चित्राला एकच पट. एसप्राइटमध्ये पॅटर्नचा तुकडा सिलेक्ट करून कंट्रोल-बी केलं की त्याचा ब्रश बनतो, आणि वर ब्रशच्या सेटिंगमध्ये पॅटर्न सोर्सशी जुळवायचा पर्याय आहे, तो निवडला की कुठेही फिरवा, पट हलत नाही. पिस्केलमध्ये डिथरिंगचं तयार टूल आहे, त्याचा पट आपोआप कॅनव्हासला बांधलेला असतो.

डिथरिंग नेहमी क्रमातल्या शेजारच्या दोन शेडमध्ये. उजळ आणि गडद अशी मधली उडी मारून केलंत तर ती जाळी दिसते, त्वचा दिसत नाही.

आणखी एक, जरा तांत्रिक आहे पण उपयोगी. काळा ० आणि पांढरा २५५ यांचा पट केला तर तो लांबून १२८ च्या राखाडीसारखा दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो १८८ च्या जवळपासच्या राखाडीएवढा उजळ असतो, कारण स्क्रीनवरचे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. म्हणजे डिथर केलेला भाग अपेक्षेपेक्षा फिकट पडतो. शेजारच्या शेडमध्ये हा फरक थोडासाच असतो, तरी सावली उडाल्यासारखी वाटली तर पट्टा उजेडाकडे एक पिक्सेल सरकवा, काम होतं.

आणि किती करायचं? कपाळाच्या कडेला एक पट्टा, सावलीकडच्या गालावर एक, वाटलं तर मानेच्या उजेडाकडच्या बाजूला एक. बस. चेहऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग सपाट रंगाचा राहिला पाहिजे, तो शांत भाग असतो म्हणूनच डिथर केलेला भाग मऊ वाटतो.

ऑटोमॅटिक डिथरिंगचं काय, असं विचाराल. फोटो छोटा करून इंडेक्स्ड केला की सॉफ्टवेअर स्वतः ठिपके टाकतं. त्यातली फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही १९७६ ची पद्धत आहे, प्रत्येक पिक्सेलची रंगातली चूक शेजारच्या चार पिक्सेलना १६ पैकी ७, ३, ५ आणि १ अशी वाटून देते. फोटोसाठी झकास, पण तिला डोळा आणि गाल यातला फरक कळत नाही, ती बुबुळातही तेवढेच ठिपके टाकते. बेअर मॅट्रिक्स १९७३ ची, तिच्यात ठरलेला चौकोन असतो, ४ बाय ४ चा घेतला तर दोन रंगांत १७ पायऱ्या मिळतात. एसप्राइटच्या ग्रेडियंट टूलमध्ये ती आहे आणि पार्श्वभूमीसाठी मी तीच वापरते. चेहऱ्यावर हाताने.

८. केस, दाढी, कपडे, पार्श्वभूमी

केसांना डिथरिंग नको, बटांचे मोठे आकार करा आणि उजेड पडतो तिथे दोन-तीन तुटक पट्टे. खुरटी दाढी मात्र डिथरिंगसाठीच बनलीय: मधली आणि गडद शेड घेऊन जबड्यावर पंचवीस टक्क्यांचा पॅटर्न, कडेला मुद्दाम विस्कटलेला. लोकरीचे, जाडेभरडे कपडे असतील तर तिथेही शोभतं. रेशमी कपड्यांवर नाही.

पार्श्वभूमीत भरपूर डिथरिंग केलं तर चेहरा कमी डिथर ठेवा, किंवा याच्या उलट. दोन्हीकडे सारखाच पोत आला की चेहरा मागे जाऊन बसतो.

पोर्ट्रेट ॲनिमेट करायचं असेल, पापण्या लवणं किंवा बोलणं, तर हलणाऱ्या भागावर डिथरिंग ठेवूच नका. फ्रेम बदलली की ठिपके वळवळतात.

९. तपासणी

मूळ आकारात बघा, दुप्पट करून बघा, आडवं फ्लिप करून बघा (चेहऱ्याचा वाकडेपणा फ्लिप केल्यावरच दिसतो), राखाडी करून बघा. शक्य असेल तर फोनवर टाकून बघा, कारण लॅपटॉपवर छान मिसळलेला पट फोनवर कधी कधी वेगळाच वाटतो. आणि एक युक्ती, डिथरिंग वेगळ्या लेयरवर ठेवा आणि तो लेयर चालू-बंद करा. बंद केल्यावर चेहरा जास्त बरा दिसला तर बंदच ठेवा, जीव लावू नका.

१०. एक्सपोर्ट

इथे येऊन पुष्कळांचं चांगलं काम मातीत जातं. पीएनजीमध्ये सेव्ह करा, जेपीजीमध्ये कधीच नाही, जेपीजीचं कॉम्प्रेशन नेमकं पटाच्याच पॅटर्नवर घाण करतं. मोठं करताना पूर्ण पटीत: ४ पट, ८ पट, १० पट. अडीच पट केलं तर काही पिक्सेल दोनचे होतात काही तीनचे, आणि डिथर केलेल्या भागावर लाटा उमटतात. रीसाइझची पद्धत नियरेस्ट नेबर ठेवा, बाकीच्या सगळ्या पद्धती कडा धुरकट करतात. ६४ चं चित्र ८ पट केलं की ५१२ होतं, ऑनलाइन टाकायला तेवढं पुरतं. ६४ चं तसंच टाकलंत तर समोरची साइट किंवा ॲप ते स्वतःच्या मर्जीने ताणतं आणि सगळी मेहनत धूसर होते.

मूळ फाइल लेयरसकट वेगळी ठेवा आणि पॅलेटही वेगळी सेव्ह करा, पुढच्या चेहऱ्याला तीच उघडून ह्यू जरा सरकवला की अर्धं काम झालेलं असतं.